दर्शनाची लाइन कोण तोडतंय?

१

लालबागच्या केवडे चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, टळटळीत दुपारी एक जीव गेला. माणसाचा नव्हे, माणसाचा गेला असता तर खांदा द्यायला सगळी चाळ धावली असती. गेला तो घरून विमा कंपनीचे फोन घेणाऱ्या दर्शना परबच्या कॉम्प्युटरमधल्या इंटरनेटचा, आणि तोही तिच्या वाक्याच्या ऐन मध्यावर.

“आजोबा, तुमच्या मिसेसच्या ऑपरेशनचा क्लेम…” इतकंच ती बोलली आणि पडद्यावर ते मेलं गोल चक्र फिरायला लागलं. तिकडे कुठल्याशा इस्पितळात बिलाच्या खिडकीपाशी उभा असलेला म्हातारा ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांच्या मध्ये लोंबकळत राहिला.

दर्शनाने हेडफोन काढला, गॅलरीत आली आणि शेजारच्या दारावर थाप मारली.

“काकू, तुम्ही मुद्दाम बंद करता ना राउटर?”

केवडे चाळीत बातमीला पाय नाहीत, चाकं आहेत. एकदा तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्याला आपण आजारी असल्याचं तिसऱ्या मजल्यावरून कळलं होतं. तेव्हा शेवंतीकाकूंनी दार उघडेपर्यंत बाकीची सगळी दारं उघडलेली होती, यात नवल नाही.

“काय बंद करतंय मी?” शेवंतीने पदराला हात पुसत विचारलं.

“गुरुवारी माझी सुट्टी असते. गुरुवारी नेट कसं झकास चालतं. ड्युटीच्या दिवशी दुपार झाली की मरतं. आज माझी ड्युटी आहे हे मशीनला कळतं का काकू? ते माणसालाच कळतं.”

युक्तिवाद बिनतोड होता. गॅलरीतल्या दोन-तीन माना तर आपोआप हलल्या. शेवंतीने फक्त दर्शनाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे दर्शनाचे सासरे, राजाराम परब, दाराची चौकट धरून उभे होते. दोघांची नजरानजर झाली आणि राजारामभाऊंनी मान खाली घातली. शेवंतीने दार लावून घेतलं.

सगळी चाळ दर्शनाकडे पाहत होती. त्या दोघांच्या नजरानजरेकडे पाहिलं फक्त एका बाईने, गॅलरीच्या टोकाला लसूण सोलत बसलेल्या बकुळाबाईंनी. पाकळी हातातच राहिली आणि सालं वाऱ्याने उडून गेली.

२

बकुळाबाई परळच्या एका मोठ्या इस्पितळात हेडसिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. चाळीत त्यांना लहानथोर सगळे ‘सिस्टर’च म्हणत. त्यांच्या दराऱ्याची एक कथा सांगतात. वॉर्डातल्या एका गतप्राण रुग्णाच्या तोंडात त्यांनी चुकून थर्मामीटर ठेवला, तर भीतीने त्याचाही पारा दोन रेघा चढला. कथेतला रुग्ण दर वेळी वेगळा असतो, यावरूनच ती खरी असणार.

ड्युटी संपल्यावर संध्याकाळी दर्शना त्यांच्याकडे येऊन बसली. डोळे लाल, आवाज मात्र चढलेला.

“सिस्टर, पोलिसात जाता येईल का?”

“नेट गेलं म्हणून? ते आधी विचारतील, शेवटचं कुठे पाहिलं होतं.”

दर्शनाला हसू आलं नाही. आज कॉल तुटल्यावर तिच्या सुपरवायझर दीपिका मॅडमचा फोन आला होता. आणखी एक कॉल असा अर्ध्यात तुटला, की घरचं काम बंद. रोज ऐरोलीच्या ऑफिसात येऊन बसायचं.

“मी ऐरोलीला गेले तर बाबांकडे कोण बघणार? मागच्या वर्षी जिन्यात पडले तेव्हा मी घरात होते म्हणून वाचले. हितेंद्र बोटीवर, तो सहा सहा महिने येत नाही. मग बाबांना गावी दिरांकडे पाठवायचं. तिथे दम लागला तर दवाखाना खाडीपलीकडे. नाहीतर नोकरी सोडायची, आणि हितेंद्रच्या एकट्याच्या पगारात त्यांची औषधंसुद्धा भागत नाहीत. सांगा, काय करू?”

बकुळाबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण दुखणं म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं.

“औषधाचं मग बघू. आधी सांग, ताप केव्हा चढतो?”

“कसला ताप?”

“तुझ्या नेटचा गं.”

दर्शनाने सांगितलं ते असं. राउटर तिच्या घरात नाहीच. तो शेवंतीकाकूंकडे. काकूंची लेक अनुजा लग्न होऊन कोल्हापूरला गेली, जाताना आईला नातीचं तोंड दिसावं म्हणून कनेक्शन लावून गेली. दोन्ही खोल्या मुळात एकच होत्या, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे रेंज पलीकडून सहज येते, म्हणून दर्शनाने त्यातच भागीदारी केली. कित्येक महिने कुरबुर नव्हती. ती सुरू झाली गणपतीनंतर.

“सकाळी लॉगिन करते तेव्हा छान असतं. दुपारी पाणी येऊन गेलं की पुढे कधीही मरतं, परत येतं, परत मरतं. ड्युटी संपते, मी खाली भाजीला जाते, परत येऊन बघते तर टुणटुणीत.”

“म्हणजे तू घराबाहेर पडलीस की रोगी बरा होतो.”

“हो.”

“आणि तू बाजारात असतेस तेव्हा घरात कोण असतं?”

“कोण असणार? बाबाच.” बोलता बोलता दर्शना थबकली. “सिस्टर, तुम्ही बाबांवर संशय घेताय?”

बकुळाबाईंनी लसणाची टोपली पुढे ओढली. “मी अजून फक्त नाडी बघतेय.”

३

गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, दर्शनाने लाइनवाल्या रघुला बोलावलं. ड्युटीच्या दिवशी त्याला घरात घेऊन खाटखूट करू देणं शक्यच नव्हतं. कॉल चालू असताना घरात वाटीही वाजवायची नाही, असा तिचा नियम होता. मागचा आवाज कंपनीला चालत नाही म्हणून राजारामभाऊ टीव्हीसुद्धा मुका लावून बघत.

रघुने मोबाइल पुढे धरला. चाळीबाहेर त्याच्यावरही संशय होताच. जुनी लाइन बिघडवून नवीन विकतो, असं लोक म्हणत.

“हे बघा, फुल रेंज. राउटर नवा टाकला, वायर बदलली, जॉइंट चेक केले. आता काय मी स्वतः वायर पकडून उभा राहू?” मग त्याने तोंड वाकडं केलं. “सिस्टर, जरा बाजूला व्हा ना. तुम्ही मध्ये उभ्या राहिलात की रेंज पडते.”

बकुळाबाई अंगाने भरलेल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले. “माझ्या देहावर घसरू नकोस रे.”

“नाय ओ, कोण पण उभा राहिला तरी पडते. तुमच्याने जरा… म्हणजे जरा व्यवस्थित पडते.”

जाता जाता रघुने उपाय सुचवला. फळीला लहानसं भोक पाडून पलीकडच्या राउटरमधून सरळ वायर ओढायची, कॉम्प्युटरला जोडायची, विषय संपला. दर्शना म्हणाली, काकूंना तूच विचार, मी त्यांच्याशी बोलत नाही. रघुने गॅलरीतून हाक मारून विचारलं.

आतून शेवंती जवळजवळ किंचाळली, “फळयेक हात लावूचो नाय! भोक-बिक काय पाडूचा नाय!”

“बघितलंत?” दर्शना बकुळाबाईंच्या कानाशी लागली. “अजून पुरावा काय हवा?”

उरला एक संशयित, वरच्या मजल्यावरचा दीपक. शेवंतीकाकूंना फोन शिकवण्याच्या मोबदल्यात त्याने पासवर्ड मिळवला होता, हे त्या दिवशी उघड झालं. बकुळाबाईंनी त्याला जिन्यातच गाठलं.

“पिक्चर उतरवतोस म्हणे फुकटच्या नेटवर?”

“सिस्टर, मॅच बघतो फक्त. ती पण रात्री. दिवसभर तर मी माझगावला गोदीत असतो. मोबाइल गेटवर जमा.”

म्हणजे दीपक नेट वापरतो तेव्हा दर्शनाचं नेट ठणठणीत, आणि तिचं मरतं तेव्हा दीपक गोदीत. चोर होता खरा, पण या खुनातला नव्हता.

रघु सुटला, दीपक सुटला. बकुळाबाईंनी शुक्रवारी दुपारी पोह्यांची ताटली घेतली आणि थेट शेवंतीच्या घरात जाऊन बसल्या. खून होताना खुन्याच्या शेजारी बसायचं, हा त्यांचा बेत होता.

४

शेवंती नुकती पाणी भरून आली होती. घामाने थबथबलेली, साडीचा काठ ओला. तिच्या खोलीत फळीच्या भिंतीला लागून एकीकडे लोखंडी कपाट, दुसरीकडे स्टीलच्या डब्यांची छतापर्यंत मांडणी. दोहोंच्या मध्ये तेवढीच मोकळी जागा, आणि तिथे लाकडी घोडीवर एक भलंमोठं निळं प्लास्टिकचं पिंप. पिंपासमोरच्या भिंतीवर, स्विचबोर्डाखाली, कमरेच्या उंचीवर खिळ्याला राउटर टांगलेला. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

“रागावलीस दर्शनावर?”

“पोराचा काय मनावर घेऊचा?” शेवंती पोहे खात म्हणाली. “माझा काय जाता नेट बंद करून? माझ्या नातीचा तोंड दिसता त्येच्यात.”

आणि नातीचाच फोन आला. पडद्यावर ते बाळ तोंडाने फुगे काढत होतं, एकेक फुगा स्वच्छ दिसत होता. शेवंती त्याच्याशी बोबडं बोलत असतानाच फळीपलीकडून दर्शनाचा आवाज आला.

“हॅलो? हॅलो सर? ऐकू येतंय का? हॅलो…”

बकुळाबाईंनी राउटरकडे पाहिलं. दिवे तसेच हिरवे. पाळण्यातलं बाळ तसंच फुगे काढतंय. शेवंतीचे दोन्ही हात फोनला गुंतलेले. एकाच राउटरच्या अलीकडे नेट जिवंत, पलीकडे मेलेलं. म्हणजे लाइन निर्दोष, राउटर निर्दोष आणि शेवंतीही निर्दोष. गुन्हेगार या दोन खोल्यांच्या मध्ये कुठेतरी उभा होता. पण मध्ये होती काय, तर बोटभर जाडीची फळी. ती तर वर्षानुवर्षं तशीच होती.

सुदैवाने पलीकडचा कॉल तुटता तुटता सावरला. दर्शना माफी मागत होती, आवाजात रडू दाबून.

शेवंतीने फोन खाली ठेवला. तिचाही चेहरा उतरला होता.

“एवढं पाणी लागतं तुला एकटीला?” बकुळाबाईंनी उठता उठता सहज विचारलं.

“पाण्याचो काय भरवसो नाय आजकाल,” शेवंती म्हणाली, आणि नको इतक्या घाईने ताटली धुवायला मोरीत गेली.

५

शनिवारी-रविवारी तेच. दुपार झाली की दर्शना फोनवर लोकांची माफी मागत बसायची. कॉल तुटायच्या बेताला यायचा आणि कसाबसा सावरायचा. सोमवारी मात्र मोठ्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी साऱ्या भागाचं पाणी बंद राहिलं. चाळभर शिव्यांचा पूर आला, पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी या सगळ्या रखरखाटात एकटी दर्शना फुललेल्या चेहऱ्याने बकुळाबाईंच्या दारात उभी राहिली.

“आज एकदाही नाही तुटलं, सिस्टर. ड्युटीचा दिवस असून. गॅलरीत सुनावलं ना मी, उशिरा का होईना काकू सरळ झाल्या.”

ती गेली. बकुळाबाई हातात अर्धा तांब्या पाणी घेऊन बसून राहिल्या. उद्यापर्यंत पुरवायचं म्हणून त्या पाण्याकडे त्या इतक्या काटकसरीने पाहत होत्या की ते पाणीच जणू बोलायला लागलं. आज ड्युटी होती. आज नेट गेलं नाही. रोज असतं आणि आज नव्हतं असं काय?

रघुचं बोलणं आठवलं. माणूस मध्ये उभा राहिला की रेंज पडते. माणसात असं असतं तरी काय? जन्मभर सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या बाईला ते कुणी सांगायला नको होतं. माणूस म्हणजे कातड्याची पिशवी, आणि आत बहुतेक सगळं पाणीच. एक बकुळाबाई मध्ये उभी राहिली तर रेंज पडते. मग दोन बकुळाबाई मावतील एवढं पिंप काठोकाठ भरून मध्ये उभं केलं तर?

कपाट लोखंडाचं, मांडणी स्टीलची. मधली मोकळी जागा ही रेंज जायची एकच वाट होती, आणि त्याच वाटेत ते पिंप. रिकामं असलं तर नुसतं प्लास्टिक, आरपार. भरलं की भिंत.

‘कसं’ ते सुटलं. ‘का’ राहिलं. एकटी बाई ते पिंप रोज भरते, गुरुवारी भरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामंही होतं. एवढं पाणी जातं कुठे?

मंगळवारी दुपारी गॅलरीत राजारामभाऊ खुर्चीवर बसले होते. बकुळाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं आपुलकी. ती नाडी होती. चार पावलं चालून आलेल्या माणसाची नाडी धावत होती, नखं निळसर, डाव्या मुठीत जोर नाही. आणि घरात पाणी राजारामभाऊच भरतात, असं दर्शना सगळ्यांना कौतुकाने सांगत असे.

“भाऊ, शेवटचा हंडा कधी उचललात?”

राजारामभाऊंनी आत पाहिलं. दर्शना हेडफोन लावून बोलत होती.

“गणपतीत,” ते पुटपुटले. “सिस्टर, तिका सांगू नका.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरी लागली तेव्हा दर्शना चिंतेत होती, पाणी ऐन ड्युटीत येतं म्हणून. तेव्हा तेच छाती काढून बोलले होते, “नोकरी तुझी, पाणी माझा.” मग हंडे गॅलरीत ठेवायचे आणि ती भाजीला गेली की आत ओतायचे, असा त्यांचा क्रम पडला. गणपतीत हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. नळावर शेवंती होती. तिने त्यांना कठड्यावर बसवलं, हंडा स्वतः उचलला आणि तेव्हापासून उचलतेच आहे. दर्शना आत कामाला बसलेली, तिच्या डोळ्यांदेखत शेवंतीने हंडे आणायचे कसे? म्हणून शेवंती आपल्याकडचं पिंप भरून ठेवते. दर्शना भाजीला गेली की पिंपाची तोटी सोडायची. फळीला खालच्या अंगाला एक जुनं भोक आहे, राजारामभाऊंच्या ट्रंकेमागे. त्यातून नळी येते आणि मोरीतली भांडी भरतात. गुरुवारी दर्शना स्वतः पाणी भरते, त्या दिवशी शेवंतीला सुट्टी.

“तिका कळला तर ती नोकरी सोडतली माझ्यासाठी. तां नको म्हणान सगळा.”

“भाऊ, तिची लाइन ते पिंपच तोडतंय.”

राजारामभाऊंना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. सुनेची नोकरी टिकावी म्हणून दोन म्हातारी माणसं रोज राबत होती, आणि तिची नोकरी रोज थोडी थोडी त्याच पाण्यात बुडत होती.

“मग गुपचूप हलवू पिंप,” ते म्हणाले. “कोणाक कळूक नको. झाला.”

“नेट सुधारेल. दर्शना म्हणेल, बघा, सुनावल्यावर काकू कशी सरळ झाली. कालच म्हणाली. जन्मभर म्हणेल. तुम्हाला चालेल?”



६

बुधवारी शेवंतीने पिंप भरलं नाही. बकुळाबाईंनी तिचे चार हंडे स्वतःच्या घरी ठेवून घेतले. लाइन शाबूत राहिली आणि दर्शनाचा समज आणखी पक्का झाला. गुरुवारी पाणी आलं तेव्हा बकुळाबाईंनी साऱ्यांना दर्शनाच्या खोलीत जमवलं. रघु मोबाइल घेऊन कॉम्प्युटरशेजारी. दीपक रजा टाकून आलेला, कारण चाळीतला तमाशा चुकवणारा माणूस लालबागचा नव्हेच. राजारामभाऊ आपल्या ट्रंकेवर. फळीपलीकडे शेवंती.

“रघु, रेंज?”

“फुल.”

“शेवंती, भर गं पिंप.”

पलीकडे हंडे रिते होऊ लागले. रघुच्या पडद्यावरची एक रेघ गेली, मग दुसरी. पिंप काठाला आलं तेव्हा कॉम्प्युटरवर ते गोल चक्र फिरायला लागलं.

“आयला,” रघु हळूच म्हणाला. “पाणी. आणि मी दोन वेळा राउटर बदलला.”

दीपक पलीकडे धावला आणि पिंपातलं पाणी बादल्यांत काढू लागला. पाणी जसजसं उतरलं तसतशा रेघा एकेक करून परत आल्या.

दर्शना फळीकडे बघत होती. “म्हणजे मशीन नाही, पिंप. पण पिंप भरणारं माणूसच ना? काकू, एकट्या बाईला एवढं पाणी कशाला लागतं? आणि माझ्या ड्युटीच्याच दिवशी?”

शेवंती दारात येऊन उभी होती. ओला पदर, ओले हात. तिने एकवार बकुळाबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “माका हौस पाणी भरूची. चुकला माझा. उद्यापासून पिंप काढून टाकतंय.”

बकुळाबाई गप्प बसल्या. सगळं ठाऊक असूनही गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे ते त्यांना फार जड गेलं. पण हे दुखणं त्यांनी सांगायचं नव्हतं.

राजारामभाऊ ट्रंकेवरून उठले. वाकून ट्रंकेची कडी धरली, ओढू लागले. ट्रंक हलेना. त्यांचा दम वाजायला लागला. दर्शना धावली, “बाबा, काय करताय, मी ओढते,” आणि तिनेच ती ट्रंक ओढली. मागे फळीत मुठीएवढं भोक होतं, त्यातून हिरव्या नळीचं तोंड डोकावत होतं. खालची फरशी ओलसर.

“ता पाणी आपल्या मोरीत येता, बाय,” राजारामभाऊ म्हणाले. “रोज. मी नाय भरत. माझ्याच्यान होणा नाय आता.”

दर्शना नळीकडे बघत राहिली. मग सासऱ्यांच्या डाव्या हाताकडे. मग शेवंतीच्या ओल्या काठाकडे. खोलीतली माणसं पायाच्या अंगठ्यांकडे पाहू लागली.

“मला का नाही सांगितलंत बाबा?”

“सांगितला असता तर नोकरी सोडलंस असतंस.”



दर्शना शेवंतीपुढे जाऊन उभी राहिली. “काकू, मी सगळ्या चाळीसमोर बोलले तुम्हाला.”

“मगे आता सगळ्या चाळीसमोर हंडो उचल,” शेवंती म्हणाली. “नळावर अजून दोन भरून ठेवलेत. माझी कंबार मोडली.”

गॅलरीत सगळी दारं उघडी होतीच. दर्शनाने एक हंडा डोक्यावर घेतला, दुसरा कमरेवर, आणि सगळ्यांच्या नजरांमधून चालत आली. पहिला हंडा तिने आपल्या नव्हे, शेवंतीच्या मोरीत रिता केला.

७

त्याच संध्याकाळी रघुने त्या भोकातून नळी काढून टाकली आणि वायर ओढली. पिंप दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. दुखणं बरं झालं, असं म्हणायला हरकत नव्हती. पण एक नवा पेच होता. आता पाणी लपवायचं नाही, म्हणजे ते ऐन ड्युटीत सरळ घरात येणार, दर्शनाच्या पाठीशी, मोरीत, हंड्याच्या आवाजासकट. आणि शुक्रवारी दीपिका मॅडम तिच्या लाइनवर बसून तिचे सगळे कॉल ऐकणार होत्या. त्यावर ऐरोली की घर ते ठरणार होतं.

“उद्याचा दिवस पिंपातच भरतंय,” शेवंती म्हणाली होती.

“नको काकू. आत आणा. रोज जे होणार तेच त्यांना ऐकू दे.”

शुक्रवारी पाणी आलं. राजारामभाऊ नळावर खुर्ची टाकून बसले होते. उचलायचं नाही, फक्त नंबर राखायचा आणि मध्ये घुसणाऱ्यांवर ओरडायचं. हे काम त्यांना फारच मानवलं होतं. बकुळाबाई दर्शनाच्या दाराशी स्टूल घेऊन बसल्या.

आत दर्शना बोलत होती. “नमस्कार. हो, फाइल उघडलीय तुमची.” शेवंती अनवाणी, चोरपावलांनी, डोक्यावर हंडा घेऊन आत शिरली. मोरीत पाणी ओतलं. कितीही हळू ओतलं तरी पाणीच ते, धबधबलं. रिकामा हंडा कठड्याला लागून ठण्णकन वाजला.

शेवंती जागच्या जागी थिजली. दर्शनाचं बोलणं थांबलं होतं. हेडफोनात पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

“हो,” दर्शना म्हणाली, “पाणी आलंय आमच्याकडे.”

तिने हेडफोन कानाशी दाबला.

“नाही नाही ताई, तुम्ही कशाला थांबता? भरतायत ना आमच्या घरची माणसं.” तिने मागे न वळता हाताने शेवंतीला खूण केली, चालू द्या. “तुम्ही सांगा, पेशंट किती दिवस आयसीयूत आहेत?”

शेवंती हंडा घेऊन बाहेर आली. बकुळाबाईंपाशी क्षणभर थांबली, पुढे नळाकडे गेली. जाताना मात्र, आता चोरपावलं कशाला म्हणून, चांगली पाय आपटत गेली.

दिवसभरात लाइन एकदाही तुटली नाही. ड्युटी संपल्यावर दर्शना गॅलरीत आली तेव्हा राजारामभाऊ, शेवंती, बकुळाबाई, आणि ज्यांचा काहीएक संबंध नव्हता ती बाकीची चाळ, सगळे वाट पाहत होते.

“मॅडमचा फोन आला,” ती म्हणाली. “म्हणाल्या, मागे भांड्यांचा आवाज होता.”

“मगे?” राजारामभाऊंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“मी म्हटलं, होता. रोज असेल. पाणी त्याच वेळेला येतं.”

“मगे काय म्हणाली?”

“म्हणाल्या, कॉल एकही तुटला नाही, घरूनच काम करा.” दर्शना सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसली. हेडफोन अजून गळ्यातच होता. “आणि विचारत होत्या, तुमच्याकडे पाणी भरून द्यायला कोण आहे. त्यांच्याकडे कुणी नाही म्हणे.”